चाळीस टक्के बरोबर मात्रा

सन्माननीय अध्यक्ष महोदय, संस्थेचे आदरणीय कार्यवाह, आमच्या प्राचार्य महोदया, व्यासपीठावरचे इतर मान्यवर, आज ज्यांच्यासाठी आपण सगळे जमलो आहोत त्या बाई आणि पहिल्या रांगेत बसलेले त्यांचे यजमान, माझे सहकारी, कार्यालयातली मंडळी, प्रयोगशाळेच्या मावशी, आणि मागे पांढऱ्या गणवेशात दाटीवाटीनं बसलेल्या माझ्या विद्यार्थिनींनो,

सूत्रसंचालन करणाऱ्या मॅडमनी माझी ओळख 'गुणवत्ता कक्षाचे प्रमुख' अशी करून दिली. त्यांचे आभार. मुली मला 'टक्केवारी सर' म्हणतात, हे त्यांनी सांगितलं नाही, त्याबद्दल वेगळे आभार. आणि बाईंना मुली काय म्हणतात? घाबरू नका गं, आज बाई रिटायर होतायत, आता गुण कापणार नाहीत. 'दशांशबाई'! उत्तर बरोबर आणि दशांश चिन्ह एक घर सरकलेलं, तर इतर शिक्षक अर्धा गुण कापतात. बाई शून्य देत. एकदा एका मुलीनं वाद घातला, "बाई, आकडे तर सगळे बरोबर आहेत ना?" बाई म्हणाल्या, "हो. पेशंटही बरोबर आहे. फक्त मेलाय."

हसा, हसा. नंतर हसायला फारसं मिळणार नाही.

मला बोलायला पाच मिनिटं दिली आहेत, आणि मी भरकटू नये म्हणून कार्यालयानं भाषणही टाईप करून दिलं आहे. ते हे. एक पान. पहिल्या परिच्छेदात बाई शिस्तप्रिय, मनमिळाऊ आणि अजातशत्रू आहेत. शिस्तप्रिय ठीक. मनमिळाऊ म्हटल्यावर बाईंचे यजमान गालातल्या गालात हसले, ते मी पाहिलं. अजातशत्रूबद्दल मी काही बोलत नाही. व्यासपीठावर जागा कमी आहे, सगळे जवळजवळ बसलेत.

दुसऱ्या परिच्छेदात बाईंनी तेहतीस वर्षांत किती तुकड्या शिकवल्या, किती मुली परिचारिका होऊन बाहेर पडल्या, ते आहे. तेही ठीक. तिसऱ्या परिच्छेदातलं एक वाक्य मी आहे तसं वाचतो. "बाईंच्या औषधशास्त्र विषयाची अध्ययन निष्पत्ती सातत्याने ऐंशी टक्क्यांच्या वर राहिली, ही त्यांच्या अध्यापनकौशल्याची पावती होय."

हे वाक्य सकाळी वाचलं तेव्हा मी चहा घेत होतो. कप खाली ठेवला. कारण हा आकडा माझा आहे. बाईंचा नाही. बाईंच्या निरोपाला, बाईंच्या तोंडावर, बाईंचं कौतुक म्हणून मी माझाच खोटा आकडा वाचून दाखवायचा? अध्यक्ष महोदय, तेवढं मात्र माझ्याच्यानं होणार नाही. हा कागद मी घडी करून खिशात ठेवतो. आता जे बोलेन त्याला कार्यालय जबाबदार नाही.

मागच्या मुलींसाठी आधी एक गोष्ट समजावून सांगतो. 'अध्ययन निष्पत्ती' हा शब्द तुमच्या प्रत्येक पुस्तिकेच्या पहिल्या पानावर असतो आणि तुम्ही ते पान उलटता. अर्थ सोपा आहे. शिकवून झाल्यावर मुलीला काय करता यायला हवं, ते एका वाक्यात लिहायचं. मग तिला ते खरंच येतं का, हे तपासायचं. बस. बाईंच्या विषयातली चौथी निष्पत्ती अशी आहे: 'विद्यार्थिनी औषधाची मात्रा अचूक काढू शकते.' किती येतंय ते आम्ही तपासायचं, तक्ता करायचा, आणि दर काही वर्षांनी बाहेरून समिती येते तिला दाखवायचा. समिती आम्हाला श्रेणी देते. ती श्रेणी फाटकावरच्या पाटीवर लागते. आज आत येताना तुम्ही वाचली असेल. मोठी आहे, सोनेरी आहे.

पाच वर्षांपूर्वी समिती यायला नऊ दिवस होते. गुणवत्ता कक्ष तेव्हा जिन्याखालच्या खोलीत होता. आधी तिथे हाडांचा सांगाडा आणि मोडकी स्ट्रेचरं असायची. ती हलवून मला बसवलं. टेबलावर बारा हिरव्या फायली. सगळ्या विषयांचे तक्ते आले होते, एक सोडून. मी बाईंना निरोप पाठवला. बाई आल्या, आणि त्यांनी माझ्यापुढे हातानं आखलेला एक मोठा कागद ठेवला.

बाईंनी काय केलं होतं? शेवटच्या वर्षाच्या साठ मुलींना, आधी न सांगता, एकेकीला प्रयोगशाळेत बोलावलं होतं. टेबलावर तीन बाटल्या, आत साधं पाणी, बाहेर लेबल. बाजूला डॉक्टरांची चिठ्ठी आणि सिरिंज. चिठ्ठीत लिहिलेली मात्रा तिन्हींतून काढून दाखवायची. पहिल्या दोन बाटल्या सारख्या. तिसऱ्या बाटलीवर बाईंनी लेबल बदललं होतं. तेच औषध, पण चौपट तीव्र. जी मुलगी लेबल वाचेल ती थांबेल, भागाकार करेल आणि कमी काढेल. जी वाचणार नाही ती आधीच्या दोन वेळांइतकंच काढेल.

साठांपैकी बावीस जणींना जमलं.

"बाई, हे छत्तीस टक्के होतात," मी म्हटलं.

"छत्तीस पूर्णांक सदुसष्ट," बाई म्हणाल्या. दशांशबाई!

"आपलं उद्दिष्ट सत्तर आहे."

"मला माहीत आहे. म्हणून तर आले. मला सहा आठवडे द्या. रोज एक तास, प्रयोगशाळा आणि या अडतीस मुली. एकेकीच्या हाताला वळण लावून देते. तोवर यांना वॉर्डात एकटं सोडू नका."

"समिती नऊ दिवसांवर आहे बाई."

"समितीला सांगा, की आम्ही तपासलं, कमी पडलं, आता शिकवतोय."

आता गंमत ऐका. तक्त्याच्या त्या छापील नमुन्यात शेवटी एक रकाना होताच. 'निष्पत्ती साध्य न झाल्यास केलेली उपाययोजना.' अगदी यासाठीच ठेवलेला! ज्यानं कोणी तो नमुना बनवला तो शहाणा माणूस होता. त्याला माहीत होतं की शिकवताना कमी पडणारच, लाज त्याची नाही. बारा फायलींत तो रकाना मी स्वतःच्या हातानं भरला होता. दरवर्षी. सगळीकडे एकच शब्द लिहून: 'निरंक'.

मी बाईंना समजावलं. अहो, मोजायच्या पद्धती अनेक असतात. एका चाचणीवर कसं ठरवायचं? लेखी परीक्षेत मात्रेची व्याख्या विचारतो, तिचे गुण धरू. मुलींकडून अभिप्राय भरून घेतो, 'तुम्हाला हे येतं असं वाटतं का', तेही धरू. आणि एकूण गुणांच्या चाळीस टक्के मिळाले की निष्पत्ती साध्य झाली असं मानू. सगळं नियमांत बसतं. संख्याशास्त्र माझा विषय. मी आकडा कधी खोटा लिहीत नाही. तो कुठून यावा तेवढं ठरवतो.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "सर, चाळीस टक्के बरोबर मात्रा कुठल्या पेशंटला द्यायची?"

  मी हसलो. म्हटलं, "बाई, तुम्ही फारच मनाला लावून घेता."

बाईंनी सही करायला नकार दिला. कागदाची झेरॉक्स माझ्यापुढे ठेवली, मूळ प्रत पर्समध्ये घातली आणि तासाला गेल्या. मी झेरॉक्स खालच्या खणात टाकली आणि नवा तक्ता केला. साठांपैकी एकोणपन्नास. एक्क्याऐंशी पूर्णांक सदुसष्ट. 'विषय शिक्षकाची सही' या जागी मी लिहिलं, 'रजेवर', आणि त्यांच्या वतीनं सही केली. भिंतीपलीकडून बाईंचा शिकवतानाचा आवाज येत होता. 'रजेवर' लिहिताना मी तो ऐकत होतो.

समिती आली. छान झालं सगळं. एका सदस्यानं चौथ्या निष्पत्तीवर बोट ठेवून म्हटलं, "कौतुकास्पद." पाटी सोनेरी झाली. संस्थेनं माझा सत्कार याच सभागृहात केला, आणि असाच एक गुच्छ दिला. बाई तेव्हा पाचव्या रांगेत बसल्या होत्या. टाळ्या वाजवत नव्हत्या.

गुच्छावरून आठवलं, आजचा गुच्छ फार देखणा आहे, आणि भिंतीवरच्या घड्याळाची निवड कार्यालयातल्या मंडळींनी आपला रविवार मोडून केली आहे, त्याबद्दल त्यांचं मनापासून कौतुक. ते राहून गेलं असतं.

तर, त्या साठ मुली पास झाल्या. नोंदणी झाली, नोकऱ्या लागल्या. त्यातली एक, हजेरी क्रमांक एकतीस, लहान मुलांच्या वॉर्डात लागली. मन लावून काम करणारी. पाळी संपल्यावरही एखाद्या रडणाऱ्या बाळाजवळ बसून राहायची, असं तिथल्या मोठ्या सिस्टर सांगतात. त्या वॉर्डात चौदा महिन्यांची एक मुलगी आली. जंतुसंसर्ग झाला होता. डॉक्टरांनी एक प्रतिजैविक लिहिलं. असं, की जे मापात दिलं तर जीव वाचवतं आणि मापाबाहेर गेलं तर कान घेऊन जातं. मात्रा वीस मिलिग्रॅम. नेहमीच्या बाटलीत एका मिलिलिटरमध्ये दहा मिलिग्रॅम असत, म्हणजे दोन मिलिलिटर काढायचे. पण त्या आठवड्यात लहान मुलांच्या बाटल्या संपल्या आणि मोठ्यांच्या आल्या. एका मिलिलिटरमध्ये चाळीस. मुलींनो, किती काढायचं? ... अर्धा. बरोबर. चौघी-पाचजणीच बोललात, तेही हळू.

तिनं दोन काढले. पाच दिवस. आपल्या पाळीत, वेळच्या वेळी, न चुकता. पाचव्या दिवशी दुसऱ्या पाळीच्या सिस्टरच्या लक्षात आलं, की जी बाटली चार वेळा पुरायला हवी ती एकाच वेळेला रिकामी होतेय.

ताप उतरला. मुलगी घरी गेली. तिची आई घरी शिवणकाम करते. तीन आठवड्यांनी ती मुलीला घेऊन परत आली.

मग चौकशी बसली. परिचर्या परिषदेचे तीन सदस्य, अध्यक्षस्थानी एक निवृत्त मेट्रन. रुग्णालयानं सूचनाफलकावरचं पत्रक दाखवलं: 'बाटल्या बदलल्या आहेत, लेबल वाचून द्यावे.' त्यांचे हात स्वच्छ. त्या बाळाच्या आईला बोलावलं. ती उभी राहून एवढंच म्हणाली, "मी मशीन चालू केलं की ती दचकायची. आता दचकत नाही. मी पुन्हा पुन्हा चालू करून बघितलं."

नंतर मला बोलावलं. मेट्रनबाईंनी सरळ विचारलं, "या मुलीला मात्रा काढता येत होती का?"

मी म्हणालो, "रेकॉर्डप्रमाणे, होय."

हे दोन शब्द मी रोज मनात म्हणतो. रेकॉर्डप्रमाणे, होय. आणि हिरवी फाईल पुढे केली. एकोणपन्नासमध्ये एकतीस क्रमांक होता. व्याख्या तिला पाठ होती. अभिप्रायात तिनं लिहिलं होतं, 'मला हे चांगले येते.' बिचारीला खरंच तसं वाटत होतं! आम्हीच तर तसं वाटायला लावलं होतं.

मग मागच्या खुर्चीवरून बाई उठल्या. कोणी बोलावलं नव्हतं. पर्समधून मूळ कागद काढला. एकतिसाव्या ओळीवर बाईंच्या अक्षरात पेन्सिलीनं लिहिलं होतं, "लेबल वाचत नाही. मागची मात्रा धरून चालते. पुन्हा शिकवून चाचणी घेणे." घटनेच्या आठ महिने आधी लिहिलेलं. बाई म्हणाल्या, "हिची चूक झाली, मी नाही म्हणत नाही. पण हिला येत नव्हतं, आणि हे कॉलेजला माहीत होतं."

मेट्रनबाईंनी कागद वाचला. मग मला विचारलं, "हा तुमच्या रेकॉर्डला आहे का?"

"नाही."

खरंच बोललो. रेकॉर्डला नव्हता. माझ्या खणात होता.

कागदावर शिक्का नाही, आवक क्रमांक नाही. खासगी टिपण ठरलं. आणि आता निकाल कसा लागला पाहा. जिला येत नाही तिच्या हातून चूक झाली, तर तो अज्ञानाचा प्रकार. मग शिकवणाऱ्यालाही विचारावं लागतं. पण जिला येतं, आणि तरी चुकते, ती निष्काळजी. आमच्या तक्त्यानं सिद्ध केलं की तिला येत होतं. आम्ही श्रेणी मिळवायला जो कागद केला, त्याच कागदानं त्या पोरीला दोषी ठरवलं. पाच वर्षं नोंदणी रद्द.

बाहेर व्हरांड्यात त्या बाळाच्या आईनं मला गाठलं. मुलगी कडेवर झोपली होती. तिनं विचारलं, "साहेब, ती सिस्टर नीट शिकलेली होती ना?"

"हो," मी म्हणालो.

"मग असं कसं झालं?"

मी घड्याळात पाहिलं आणि म्हणालो, मला जरा घाई आहे.

माझ्या हातात आत्ता एक चिठ्ठी आली आहे. 'वेळ संपली. आवरतं घ्यावं.' कार्यवाह साहेब, अक्षर तुमचंच आहे, ओळखतो मी. चौकशीत बोलल्याबद्दल बाईंना मिळालेल्या मेमोवरही हेच अक्षर होतं. 'संस्थेच्या प्रतिमेस बाधा येईल असे वर्तन.' मेमोनंतर शेवटच्या वर्षाचे तास काढून घेतले. औषधशास्त्राच्या या शिक्षिकेला गणवेश तपासणी आणि हजेरीपटाचं काम दिलं. बाईंनी तेही नीट केलं. मुलींचे बुटाचे बंद पाहायच्या, आणि पाहता पाहता विचारायच्या, "वीस मिलिग्रॅम हवेत, एकात चाळीस आहेत, किती?" फाटकाशी, सकाळी आठ वाजता, रांगेत. आठवतं ना गं? तुम्हाला वाटायचं, म्हातारीला चळ लागलाय.

आणि एक गोष्ट यजमानांनाच काय ती माहीत होती. ती एकतीस क्रमांकाची मुलगी घरात कोंडून बसली होती. बाई तिच्या घरी गेल्या. तिची आई दार उघडेना. कॉलेजचं कोणी नको म्हणाली. बाई चौथ्यांदा गेल्या तेव्हा उघडलं. त्यानंतर दीड वर्ष, दर शनिवारी, बाईंच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर दोघी बसत. औषधांच्या रिकाम्या बाटल्या, पाणी, सिरिंज. यजमान चहा करून देत आणि लेबलं बदलून ठेवत. ते आता खाली मान घालून बसलेत. साहेब, मान वर करा. या सभागृहात ती ज्यांनी खाली घालावी असे वर बसलेत, मी धरून.

मागच्या महिन्यात मी बाईंकडे गेलो. म्हटलं, मला त्या कागदाची प्रत हवी आहे. मी परिषदेला लिहिणार आहे.

"का?" बाईंनी विचारलं. बसा म्हटलं नाही.

"मला आता सहन होत नाही बाई."

"तुम्हाला हलकं वाटावं म्हणून मी कागद द्यायचा?"

"तिची नोंदणी परत मिळू शकेल."

"मग तसं म्हणा. तिच्यासाठी मागा. तुमच्यासाठी मागितलात तर मिळणार नाही." आत गेल्या आणि प्रत घेऊन आल्या. "ही झेरॉक्स. मूळ माझ्याकडेच राहील. तुमचा भरवसा नाही."

माफ केलं, असं त्या म्हणाल्या नाहीत. मी माफी मागितलीही नव्हती. मागितली असती तरी मिळाली नसती, एवढं इतक्या वर्षांत कळलंय.

मग मी त्या मुलीला शोधत गेलो. ती एका तयार कपड्यांच्या दुकानात काउंटरवर उभी असते. गिऱ्हाइकाच्या मापाचा शर्ट कपाटातून काढून देते. मी ओळख दिली. तिनं हातातल्या शर्टाची आधी नीट घडी घातली. मग म्हणाली, "सर, मला आता येतं. कुठलीही बाटली द्या, कुठलीही मात्रा सांगा. बाईंनी शिकवलं. येत नव्हतं तेव्हा सगळ्यांनी माझ्या हातात सिरिंज दिली. आता येतं, तर कोणी देत नाही."

मी म्हटलं, मी परिषदेला पत्र लिहितोय, खरं काय ते सगळं.

"लिहा. पण पुढे काय झालं ते मला सांगायला येऊ नका. सुटले तर कागद येईलच घरी. पुन्हा वाट बघत बसायची ताकद नाही माझ्यात."

तिनं शेवटी त्या बाळाचं विचारलं. मी सांगितलं, ती आता सहा वर्षांची होईल, ऐकू न येणाऱ्या मुलांच्या शाळेत जाते, आई तिच्याशी हातांनी बोलायला शिकली आहे. ऐकून ती पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.

पत्र गेलं. माझ्या सहीनं. 'रजेवर' कोणी लिहिलं तेही त्यात आहे. परिषदेचं उत्तर परवा आलं. प्रकरण पुन्हा उघडणार, पुढच्या महिन्याच्या सतरा तारखेला सुनावणी. मला बोलावलंय, बाईंना बोलावलंय. प्राचार्य महोदया, तुम्हालाही बोलावलंय. पत्र टपालात असेल. माझं काय व्हायचं ते होईल. अजून तीन वर्षं नोकरी आहे, बहुधा नसेल. त्याची दया कोणी करू नये.

आता यंदाचं. समिती पुन्हा येणार आहे, हे सगळ्यांना ठाऊक आहे. भिंतींना रंग उगीच लागत नाही. या वेळी मी बाईंचीच चाचणी घेतली, त्यांच्याच तीन बाटल्यांवर. चोपन्न मुली. एकोणीस जणींना जमलं. तक्त्यात मी एकोणीसच लिहिलं आहे. आणि तो शेवटचा रकाना भरला आहे: सहा आठवडे, रोज एक तास, पस्तीस मुली. प्राचार्य महोदया, तो तक्ता सोमवारपासून तुमच्या टेबलावर आहे. सही झालेली नाही. हे मी चारचौघांत बोलायला नको होतं, कळतं मला. बंद खोलीत बोलून काय होतं, तेही आता कळतं.

बाईंना मी विचारलं, तो तास घ्यायला याल का? बाई म्हणाल्या, "अडतीस मुलींसाठी मी सहा आठवडे मागितले होते. तेव्हा तुमच्याकडे नव्हते. आता माझ्याकडे नाहीत." त्यांचं बरोबर आहे. तेव्हा दुसऱ्या कोणीतरी घ्यावा लागेल. भागाकार मी शिकवेन, तेवढं मला येतं. सिरिंजसाठी प्रयोगशाळेच्या मावशींना विनंती केली आहे, त्यांचा हात आपल्यातल्या बऱ्याच जणांपेक्षा साफ आहे. सही होवो न होवो, उद्या आठ वाजता मी तिथे असेन. पस्तीस जणी कोण, ते तुमचं तुम्हाला माहीत आहे.

आणि पाच वर्षांपूर्वीच्या त्या तुकडीतल्या, ज्यांना जमलं नव्हतं त्या बाकीच्या सदतीस? त्यांचं काय झालं, कोणी विचारलं नाही मला. त्याही आत्ता कुठे ना कुठे ड्यूटीवर असतील. काही शिकल्या असतील, आपलं आपण. काही नसतील. मी यादी काढली आहे. पत्ते सापडतील तितक्यांना लिहितो आहे. आतापर्यंत चौघींचं उत्तर आलं. तिघी म्हणाल्या, आम्हाला येतं. चौथीनं लिहिलं, "सर, कोणाला सांगू नका, मी अजून शेजारच्या सिस्टरला विचारून काढते."

बाई, निरोपाच्या भाषणात उत्सवमूर्तीला दीर्घायुष्य चिंतायची रीत आहे. ते चिंततो. तुमच्याबद्दल चांगलं बोलायचं ठरवून आलो होतो आणि सगळा वेळ स्वतःबद्दल बोललो, याची मला कल्पना आहे. तुमच्या कामाचा पुरावा मागाल, तर या सभागृहात चार-पाच आवाज हळूच 'अर्धा' म्हणाले, तेवढाच आज माझ्याकडे आहे. तो कुठल्या तक्त्यात बसत नाही.

अध्यक्ष महोदय, आपण मला मध्येच थांबवलं नाही, त्याबद्दल आपला ऋणी आहे. कार्यवाह साहेबांनी चिठ्ठी एकदाच पाठवली, त्यांचेही आभार. माईकवाल्यांचे आभार, त्यांना कोणीतरी हातानं खूण केली होती, तरी त्यांनी आवाज बंद केला नाही.

शेवटी वक्ते चूकभूल माफ करा म्हणतात. भूल काही झाली असेल, कोणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, एखादा शब्द जास्त गेला असेल, तर ती माफ करा. चूक माफ करू नका.

मी बसतो.